कायमचे सव्वीस अंश

चंद्रपुरात भरदुपारी बाहेर एकोणपन्नास अंश होते आणि गुरनुले सरांच्या बंद गाडीतला स्क्रीन खुशाल सव्वीस दाखवत होता.

"कंपनी म्हणते, यंत्र ठणठणीत आहे," सर म्हणाले. "मग माझी आई कशी गेली, मारोतीभाऊ? तेवढं फक्त शोधून द्या."

दहा दिवसांपूर्वी सर औषधं घ्यायला उतरले होते. दुकानात गर्दी होती आणि आई मागच्या सीटवर डुलकी घेत होती. आता प्रत्येक गाडीत 'राखण' असते. आत कोणी श्वास घेतंय आणि उकाडा वाढतोय असं तिला कळलं, की काचा आपोआप उतरतात, मालकाचा फोन वाजतो. त्या भरवशावरच तर लोक माणसं गाडीत ठेवून जातात! त्या दिवशी काच उतरली नाही आणि फोनही वाजला नाही.

मारोती वाढईने पंचवीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त केले होते. राखणीला उष्णता कळते ती डॅशबोर्डमागच्या मुगाएवढ्या संवेदकावरून. मिस्त्री लोक त्याला दाणा म्हणतात. मारोतीने दाण्यासमोरच्या जाळीवर हेअर ड्रायर धरला. सव्वीस. बर्फ लावला. सव्वीसच! बिघडलेला दाणा काहीबाही बरळतो, इतका हट्टी तो कधीच नसतो.

त्याने पॅनेल उचकटलं. दाण्याच्या जागी एक रोधक होता. त्यातून वीज सदा सारखीच वाहते, म्हणून गाडीला जन्मभर सव्वीसच अंश दिसणार. त्याच्यावरची हिरवी चिकटपट्टी मारोतीच्याच हातची होती.

फेब्रुवारीत याच गाडीचा दाणा बिघडून काचा भररस्त्यात उघडायच्या. नवा दाणा यायला महिना लागणार होता, म्हणून तोवर त्याने रोधक बसवला. राखण नसलेल्या जुन्या गाड्यांना हा इलाज त्याने शेकडो वेळा केला होता, पण तेव्हा फार तर एसी कमी-जास्त व्हायचा, कोणाचा जीव जात नव्हता! नवा दाणा आला की बदलू, असं म्हणता म्हणता दोघंही विसरले.

"सर, हे मीच लावलं," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सरांनी तो तुकडा हातात घेतला. "'काहीतरी जुगाड करा, त्या काचेनं डोकं उठवलंय,' असं मीच म्हटलं होतं ना जी?"

मारोतीने मनातल्या मनात गाड्या मोजल्या.

"सर, यंदा अशा सतरा गाड्या केल्या मी."

"मग बसलात काय?" सर एकदम ओरडले. "लावा फोन!"

मारोतीने पहिला नंबर लावला. पलीकडे एक बाई हसत 'हॅलो' म्हणाली. मागे लग्नाच्या मांडवातला बँड वाजत होता.

"ताई, मी मारोती मिस्त्री. तुमची गाडी कुठे आहे? आत कोणी बसलंय का?"