नाडीच्या निमित्तानं

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेतला माझा पेशंट आयत्या वेळी डिस्चार्ज घेऊन घरी गेला. म्हणून परीक्षक सिस्टरनी कॉरिडॉरमधून चाललेल्या एक्स-रे टेक्निशियनला पकडून कॉटवर झोपवलं. उंच, जरा विसकटलेला, चेहऱ्यावर ‘मी तुमचं काय घोडं मारलंय?’ असा भाव. मला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मागच्या खेपेला मी नापास झाले होते. या वेळीही गटांगळी खाल्ली, तर कोर्समधून नावच कटणार होतं.

“रुग्णावर भोवतालचा परिणाम होतो. भोवतालात काय काय येतं?” सिस्टरनी विचारलं.

“हवा, उजेड, आवाज, स्वच्छता...”

“अजून?”

मी पुन्हा ‘स्वच्छता’च म्हणाले.

“बरं, श्वास मोज.”

श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की तो बदलतो. म्हणून नाडी बघायचं सोंग करत मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मी तेच केलं.

“हात थंडगार आहेत तुमचे,” तो पुटपुटला.

“बोलू नका.”

“पण असं मिनिटभर बघत राहणार माझ्याकडे?”

“शर्टाकडे बघतेय.”

“नशीब, आज इस्त्री केलीय—”

“बोलू नका म्हटलं ना!”

मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. चोवीस. मग सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. सोळा.

“एवढा फरक? आकडा बदलायचा तर आत्ताच बदल.”

बदलला असता तर सुटले असते. पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“नाही सिस्टर. चोवीसच.”

“मग गेलीस तू कामातून.”

कॉटवर कुणीतरी खाकरलं. “सिस्टर... त्यांचं बरोबर आहे. तुम्ही हात धरलात तेव्हा सोळाच असतील. त्यांनी धरला तेव्हा—” त्याचे कान लाल झाले. “महिनाभर मी मुद्दाम इथून जातोय.”

एक्स-रे खालच्या मजल्यावर आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

सिस्टरनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “आता पुन्हा मोजून उपयोग नाही, याला कळलंय. मगाचा प्रश्न अर्धा राहिलाय. भोवतालात अजून काय येतं?”

“नर्स... नर्सही येते, सिस्टर.”

“पास. निघा आता दोघंही.”

तो जिन्यापर्यंत सोबत आला. सरळच सांगायचं तर, मला तो आवडला होता.

“माझी नाडी किती भरली?” त्यानं विचारलं.

“मोजलीच नाही.”

“म्हणजे राहिलीच की...”

मी पुन्हा त्याचं मनगट धरलं. घड्याळाकडे मात्र बघितलं नाही.