आप्पांचा खोटा साक्षीदार

"हरणाऱ्यानं रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीवर चढायचं आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं कोंबड्यासारखं आरवायचं. तेही तीनदा!"

मुकुंदा होटकरनं पैज जाहीर केली आणि सोलापुरातल्या नीलकंठ कॉलनीच्या गच्चीवर एकच हशा पिकला. त्याच्याच दुकानातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांच्या तोंडात होती, त्यामुळे निम्म्यांना ठसका लागला.

"मंजूर," डॉक्टर शर्वरी मुजुमदार शांतपणे म्हणाल्या. "आरवायचा सराव मात्र आत्तापासून करा, मुकुंदराव."

समोरच्या इमारतीत राहणाऱ्या या बाईंनीच प्रज्ञामापक बनवला होता आणि त्याच्या परीक्षेच्या मुख्य परीक्षकही त्याच होत्या. पोळपाटाएवढं यंत्र. प्रश्न विचारायचं आणि बुद्धीचा आकडा सांगायचं. सत्तरी ओलांडून एकटं राहणाऱ्याला दर वर्षी त्याच्यापुढे बसावं लागे. नव्वदच्या वर गेलात तर स्वावलंबन परवाना, खाली राहिलात तर गावाबाहेरचा साथनिवास. तिथं जेवण वेळेवर, दिवे वेळेवर बंद, आणि भांडायला कुणी नाही.

मुकुंदाच्या शेजारचे आप्पा, म्हणजे निवृत्त वकील सिद्रामप्पा हलकुडे, या खेपेला एकाहत्तरवर अडकले होते. महिन्याभरानं एकच संधी उरली होती. आणि आप्पा गेले तर मुकुंदानं कोणाच्या चपला लपवायच्या? कोणाच्या शिव्या खायच्या?

"सरावानं गुण वाढतात. माझा पुतण्या नाही का घोकून घोकून बारावी पास झाला?" मुकुंदा म्हणाला.

"त्याला प्रश्न ओळखीचे झाले, डोकं वाढलं नाही. म्हणून माझं यंत्र एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारतच नाही. दर वेळी नवा घडवतं. समोरचा बिचकला, तर पुढचा प्रश्न कसा मांडायचा तेवढं शिकतं. तुम्ही घोकणार काय?"

"एक यंत्र द्या तर खरं!"

डॉक्टरांनी एक जुनं यंत्र घरी वापरायला दिलं. आप्पा रोज नाश्ता झाला की त्याच्यासमोर बसू लागले. पहिल्याच दिवशी यंत्रानं विचारलं, "या चार आकृत्यांतली विसंगत कोणती?"

"विसंगत कोण म्हणतं?" आप्पा गरजले. "पुरावा काय?"

"वेळ संपली," यंत्र म्हणालं.

"तारीख न देता वेळ संपते कशी?"

मुकुंदानं कपाळाला हात लावला. "आप्पा, उत्तर द्या की ओ! उलटतपासणी काय घेताय?"

पण दुसऱ्या आठवड्यात गुण चढायला लागले. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याऐंशी. मग एकदम एकशे चार! मुकुंदानं कॉलनीभर पेढे वाटले आणि डॉक्टरांच्या दाराला कोंबड्याचं चित्र चिकटवलं. फक्त एक गोष्ट त्याला खुपत होती. आप्पा अजूनही कपाळावरचा चष्मा घरभर शोधत होते.

परीक्षेच्या दिवशी वॉर्डाच्या केंद्रावर आप्पांना पडले बहात्तर.

मुकुंदा बाकावर मटकन बसला. डॉक्टरांनाही जिंकल्याचा आनंद नव्हता. त्या तडक आप्पांच्या घरचं यंत्र घेऊन आल्या आणि त्यांनी आप्पांना तिथंच पुन्हा बसवलं.

"आप्पासाहेब," घरचं यंत्र म्हणालं, "चार साक्षीदार पिंजऱ्यात उभे आहेत. तिघांची जबानी जुळते. खोटा कोण?"

पडद्यावर पहिल्या दिवसासारख्याच वेड्यावाकड्या आकृत्या होत्या. आप्पांनी चष्मा सावरला. "तिसरा! बाकीचे उजवीकडे वळत आत जातात, हा बेटा उजवीकडे वळून बाहेर पडतोय. करा अटक!"

एकशे सहा.

"सोपं करून विचारतंय ते," मुकुंदा पुटपुटला.

"नाही. काठिण्य तेच आहे, मी तपासलं. हेच प्रश्न याच भाषेत तुम्ही सोडवून बघा."

मुकुंदानं सोडवले. ब्याऐंशी. केंद्रातले सगळे हसले, आप्पा सर्वात मोठ्यानं.

डॉक्टर मात्र गंभीर झाल्या होत्या. "केंद्रावरचं यंत्र निःपक्षपाती राहावं म्हणून दर माणसानंतर आम्ही त्याची आठवण पुसून ते कोरं करतो. घरचं कधी कोरं केलं नाही. आप्पांची बुद्धी पहिल्या दिवशी होती तेवढीच आज आहे. सराव यंत्राचा झाला. महिनाभर शिव्या खाऊन ते आप्पांना विचारायला शिकलं."

"म्हणजे एकाहत्तर हा आकडा…"

"यंत्राचा होता. आप्पांचा नव्हे." त्यांचा आवाज खाली आला. "आणि साथनिवासात पाठवलेल्या कितीतरी जणांचाही नसेल."

त्याच दुपारी मुख्य परीक्षक म्हणून त्यांनी आदेश काढला. आधी यंत्रानं माणसाजवळ महिनाभर राहायचं, मगच आकडा सांगायचा. साथनिवासातल्या सगळ्यांची फेरपरीक्षा. आणि आप्पांचा परवाना कायम.

"जिंकलो!" मुकुंदानं उडी मारली. "डॉक्टर, टाकी तिकडं आहे!"

"थांब." आप्पांनी हात वर केला. "वाद काय होता? माणसाचे गुण त्याच्या सरावानं वाढतात की नाही. मी तसूभरही सुधारलो नाही. निकाल डॉक्टरांच्या बाजूनं."

"आप्पा! मी तुमच्यासाठी महिनाभर…"

"न्यायासनाला ओळखपाळख नसते. चढ टाकीवर."

रविवारी सकाळी मुकुंदा होटकर डोक्याला लाल रुमाल बांधून टाकीवर चढला. खाली सगळी कॉलनी, डॉक्टर सर्वात पुढे. त्यानं छाती भरून घेतली आणि अशी बांग दिली की मागच्या वस्तीतले तीन कोंबडे गडबडून आरवायला लागले. तीनदा ठरलं होतं, हा गडी सात वेळा आरवला.

आप्पांच्या मांडीवरचं यंत्र म्हणालं, "आप्पासाहेब, चार साक्षीदार आरवले. खोटा कोण?"

आप्पांनी टाकीकडे बघितलं. चष्मा पुसायला त्यांना जरा वेळ लागला.

"ते तिघे," ते म्हणाले. "मनापासून आरवला तो एकटा वरचा."

यंत्र म्हणालं, "बरोबर."