मावशीचं खापर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी मी थोरल्या जावेकडे, कोकिळा अक्कांकडे, मांडे भाजायचं मातीचं खापर मागायला गेले. एवढंच काम. तसं ते दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना दिलेलं, माझ्या बोदवडच्या मावशीचं. ते वापरणाऱ्या बाईचा उजवा हात जातो, अशी बोलवा. मावशीचा गेला, त्याआधी तिच्या सासूचाही. "योगायोग हो अक्का, साठीनंतर वात येतोच," असं हसत मी ते त्यांच्या पदरात टाकलं. मनात म्हणत होते, जाऊ दे एकदाचा तो हात.

का म्हणून विचारता? अख्ख्या अमळनेरात मांडे म्हटले की कोकिळा अक्का. पंधरा वर्षं शेजारी बसून पुरण मी वाटलं, नाव त्यांचं. आणि दोन वर्षांत त्या हाताला साधा चटका बसला नाही! उलट धुळ्याहून बोलावणी यायला लागली. माझा नुसता जळफळाट. मग मी ठरवलं, शाप खोटा, गुण खापराचाच.

अक्कांचे मांडे पहाटेच आटोपले होते.

"लई जाय, नूतन. पन सांजले परत आन. माले त्यानाबिगर करमस नही."

दुपारी चूल पेटवली. इतकी वर्षं भाजलेलं खापर, पण तापलं तसा ओल्या मातीचा वास सुटला... पहिला मांडा हातावर घेतला आणि तो आपोआप पसरत कोपरापर्यंत गेला. दुसराही. तिसऱ्याला मी थांबायला गेले, हात थांबेना. प्रत्येक मांड्याच्या काठावर एक तिरपी खूण उमटत होती. अक्कांची करंगळी लहानपणी मोडून वाकडी जुळलेली, ती खूण मी डोळे झाकून ओळखते. माझी करंगळी सरळ.

पहिला घास घेऊन सासरे, निंबा आबा, खुशीत म्हणाले, "कोकिळाना हात शे हाऊ!"

खरं सांगते, तेव्हासुद्धा भीती नाही, आधी रागच आला.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा उजवा हात लुळा पडला होता. मी चूल पेटवली, त्याच वेळेला. हात जातो, एवढंच सगळे सांगत आले. कुठे जातो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

काल अक्कांना बघायला धुळ्याला दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. मीही मान डोलावली. अक्कांनी मला जवळ बोलावलं.

"नूतन... हाऊ हात मन्हा नही शे..."

चादरीवर पडलेल्या त्या हाताकडे मी पाहिलं. करंगळी सरळ होती.

मी माझा उजवा हात पदराखाली घेतला.