पंचवीस वर्षांचं विरजण

उत्तरा सबनीस भल्या सकाळी माहेरी आली, चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि दह्याचं भांडं उचलून पिशवीत घालू लागली.

"अगं, दुपारच्या कढीला ठेवलंय ते!" आई चिडलीच.

"आई, आधी सांग, यात माझं दही मिसळलं होतंस का?"

माझं दही म्हणजे कवचदही. प्रतिजैविकं घेताना पोटातले चांगले जिवाणूही मरतात, म्हणून उत्तराने दह्याच्या जिवाणूंना एका औषधापुरतं कवच दिलं होतं. त्या कवचाचं जनुक डीएनएच्या एका सुट्या, वर्तुळासारख्या तुकड्यावर होतं. दह्यासोबतच्या पुडीतली खास साखर मिळाली नाही की हे जिवाणू मरत. त्यामुळे ते घरोघरी रुजायची भीतीच नाही, असं उत्तराने परवानगी समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं.

आज मात्र इस्पितळातून डॉ. हिरेमठांचा फोन आला होता. शेजारच्या शरयूकाकूंच्या रक्तात जंतू पसरले होते आणि नेमकं तेच औषध त्यांना लागू पडत नव्हतं. जनुकवाचक यंत्राने तासाभरात कारण दाखवलं होतं: जंतूंमध्ये उत्तराचंच वर्तुळ होतं. लहानपणी तिला शाळेत सोडायला जाणाऱ्या या काकूंनी कवचदही कधी चाखलंही नव्हतं.

आईने पदराला हात पुसले. "चमचाभर उरलं होतं. टाकवेना गं. आपल्या विरजणात घातलं. पंचवीस वर्षं मोडू दिलं नाही मी ते. शरयूही इथूनच नेते."

उत्तराने भांड्यावर झाकण घट्ट बसवलं. साखरेवाचून तिचे जिवाणू मेले असतील. पण मरण्याआधी आईच्या दह्यातल्या जिवाणूंना चिकटून त्यांनी वर्तुळाची नक्कल त्यांना देऊन टाकली होती. त्या घरच्या जिवाणूंना खास साखर लागतच नव्हती. काकूंच्या पोटात त्यांनी तेच वर्तुळ पुढे जंतूंना दिलं. कुलूप तिने जिवाणूला घातलं होतं, वर्तुळ मोकळंच राहिलं. इतकी साधी गोष्ट ध्यानात आली नाही म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

फोन वाजला. "जुनं औषध सुरू केलंय," हिरेमठ म्हणाले. "ताप जरासा उतरलाय, पण आपल्याकडे हे शेवटचंच. त्या वर्तुळावर याचंही कवच येऊन बसायच्या आत ते दही गोळा करा. सगळं."

उत्तराने कागद ओढला. "आई, कुणाकुणाला दिलंस?"

"शरयूला. वरच्या फर्नांडिसबाईंना. सुगंधाला, ती लेकीकडे लातूरला घेऊन गेली. मग शाळेत मुलांसाठी ताक करते ना, त्या मंगलला..." दोन्ही हातांची बोटं संपली तशी आई थांबली.

"उत्तरा, दिलेलं विरजण परत कसं मागायचं गं?"