आकाराम हजर

ही गोष्ट खरी आहे. नबीलाल मुजावरला गोष्ट रचता येत नाही. रजेचा अर्जसुद्धा तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा.

साल १९८८. कोल्हापुरातल्या एका सहकारी संस्थेचं ऑफिस. रात्र नव्हती. सकाळचे दहा पंचवीस.

संस्थेने कॉम्प्युटर घेतला होता, दोन टर्मिनलचा. चालवायला नबीलाल, टेंपररी. कामावर आलेल्या माणसाने नाव आणि हजेरी नंबर टाकायचा. क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला घातलेला प्रश्न, नावांच्या टेबलात, म्हणजे आतल्या तक्त्यात, तशी ओळ शोधणार. सापडली तर हजर, नाहीतर गैरहजर. शनिवारी चेअरमन बघायला येणार होते. जमलं तर नोकरी कायम. नाहीतर परत गावाकडे, मुरगूडला.

नबीलालने स्वतःचं नाव टाकलं.

ओळ सापडली नाही...

हेडक्लार्क बाळासोंचं टाकलं. नाही. टेबल उघडून पाहिलं, तर एक्केचाळीस नावं जागच्या जागी. पुन्हा क्वेरी. पुन्हा नाही.

चार दिवस हेच.

शुक्रवारी वैतागून त्याने यादीतलं पहिलंच नाव टाकलं. आकाराम.

सापडली...

"बाळासो, हे आकाराम कोण?"

"टाइमकीपर. हजेरी त्योच घ्यायचा. गेला की म्हागल्या आषाढात."

"मग हजेरीच्या मस्टरमध्ये नाव कसं?"

"वर्षश्राद्ध झाल्याबिगर नावावर तांबडी रेघ मारायची न्हाय. हापिसची रीत हाय."

नबीलालने टेबल भरलं होतं ते मस्टर बघूनच.

"कॉम्प्युटरचं श्राद्ध घालायला मला वेळ नाही," म्हणत त्याने आकारामची ओळ पुसली.

शेजारच्या रिकाम्या टर्मिनलची कळ वाजली.

एक...

मग सावकाश दुसरी...

"त्यो एका बोटानंच टाइप करायचा," बाळासो म्हणाले. चहाच्या बशीतून मान वर काढली नाही.

शनिवार. दहा पंचवीस. मागे चेअरमन उभे. नबीलालने नाव टाकलं.

नाही.

घाम पुसत त्याने टेबलालाच विचारलं, आत आहेत तरी किती?

एक.

आकाराम...

बाकीची चाळीस नावं गेली होती. चेअरमनही गेले, चहा न घेता.

नबीलालला जिन्यापर्यंत पोचवायला बाळासो आले. "वाईट वाटून घिऊ नका पावणं. त्यो कायम हुता. तुम्ही टेंपररी."

नबीलालचं आता मुरगुडात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानावर नावाची पाटी नाही. मतदारयादीचे लोक दारात आले, की तो पान्हा खाली ठेवून आधी विचारतो...

"यादीत पहिलं नाव कुणाचं आहे?"