मागच्या दाराचं हँडल

तळेगाव ढमढेरेच्या वाचनालयात पुस्तक परत करायचं म्हणजे तोंड उघडावं लागायचं. नुसतं टेबलावर ठेवून पसार होता येत नसे. आठवडे बाजाराच्या दिवशी उन्हं कलली की भाजीच्या पिशव्या भिंतीला टेकवून मंडळी सतरंजीवर बसत. ज्याचं वाचून झालं तो उभा राही, पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरी आणि अभिप्राय देई. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही. वाचन वाढावं म्हणून ग्रंथपाल सुषमाताईंनी हा नियम काढला होता. वाचन किती वाढलं देव जाणे, पण पुस्तकांची सालटी काढण्यात गाव पटाईत झालं. ‘बरं हाय’ म्हणणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखे बघत. चांगलं तर कुणी म्हणतच नसे.

यात पहिला नंबर मारुतरावांचा. सणसवाडीच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. गावात थोडा ऊस होता, अनितासारखी सोशिक बायको होती, आठवीतली एकुलती एक रुपाली होती, आणि घरामागच्या शेडमध्ये जुनी करडी मोटार होती. या चारांपैकी जीव कुणावर जास्त, असं विचारलं असतं तर ते रुपाली म्हणाले असते, आणि खरंच म्हणाले असते. पण वेळ मोटारीला जास्त जायचा.

मोटार त्यांनी दौंडला भंगारवाल्या आण्णांकडून घेतली होती. इंजिन उघडून बसवलं, पत्रा ठोकला, शिरूरहून रेक्झिन आणून सीट स्वतः शिवून घेतल्या. एकच गोष्ट राहून गेली. मागच्या दोन्ही दारांना आतून हँडल नव्हतं. भोकं लांबीचा लगदा भरून बुजवलेली, वरून रंग मारलेला. तेव्हा आण्णा म्हणाले होते, “मालकानंच काढली असत्याल. लेकरं चालू गाडीत दार उघडत्यात.” मारुतरावांना ते पटलं. रुपालीला मागं बसवून नेलं की ते उतरून बाहेरून दार उघडत, आणि पोरगी राणीसारखी खाली उतरे.

अठ्ठ्याण्णव साली वाचनालयाला अनुदान आलं आणि भांडण पेटलं. सुषमाताईंना वाढत्या वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या घ्यायच्या होत्या. मारुतरावांना जुन्या मोटारींची जाड, चित्रांची पुस्तकं हवी होती. भर बैठकीत एकमेकांचा पाणउतारा झाला. शेवटी कादंबऱ्यांचा गठ्ठा आला आणि मोटारींचं एकच पुस्तक. ही हार मारुतरावांच्या घशाखाली उतरेना.

गठ्ठ्यातली एक कादंबरी गावात फार फिरली. मुखपृष्ठावर सायकलवरची मुलगी, म्हणून सगळे तिला सायकलवालं पुस्तक म्हणत. मारुतरावांनीही ते नेलं. आठवडाभर टीव्हीवर ठेवलं आणि एक पानही न उघडता बाजाराच्या दिवशी सालटी काढायला उभे राहिले.

न वाचता शिव्या घालायला काहीतरी दाखला लागतो. तो त्यांनी जागेवरच रचला.

“ही पोरगी,” ते मुखपृष्ठावर बोट आपटत म्हणाले, “सायकल पंक्चर झाली म्हणून रस्त्यात एक करडी मोटार थांबवते. अनोळखी माणसाला म्हणते, काका, मला घरी सोडता? आणि मागं बसते. बसल्यावर कळतं, दाराला आतून हँडलच नाही. आणि लेखक काय करतो? तिला तिथंच सोडून पुढच्या प्रकरणाला जातो! हे पोरांना वाचायला द्यायचं?”

सतरंजीवरून हूं हूं झालं. लेखकाला दोन-चार शेलक्या शिव्या बसल्या.

सुषमाताईंच्या कपाळाला आठी पडली. “मारुतराव, मी दोनदा वाचलंय. असं कुठंही नाही त्यात.”

“तुम्ही घाईत वाचलं असेल,” ते म्हणाले आणि खाली बसले. आत गुदगुल्या होत होत्या.

पुढच्या बाजारी ते पुस्तक झुंबरबाईंच्या हातात होतं. बालवाडीत जन्म घालवलेली बाई, वाचताना चष्म्याबरोबर भिंगही वापरायची. ती उभी राहिली तीच भडकलेली.

“मारुतराव बोलले ती खोटं न्हाई. म्या सोता वाचलं. पोरगी मोटारीत बसती, आन् काच वाजवीत ऱ्हाती. येका वेणीला हिरवी रिबीन, दुसरीची सुटून सीटखाली गेली. तवापासनं पुढची पानं वाचवंना. असलं ल्ह्यायला हात कसा धजला म्हंते मी!”

मारुतरावांना आधी हसू आलं. म्हातारीला गर्दीत पुढं पुढं करायची हौस, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि घरी जाऊन पहिल्यांदाच वाचलं, अक्षर न् अक्षर. सुट्टीत मामाच्या गावी गेलेली मुलगी, हरवलेलं वासरू, विहीर, आमराई. मोटार नव्हती. मोटारीचा हॉर्नसुद्धा नव्हता.

ते पुस्तक घेऊन वाचनालयात गेले. दुपारची वेळ, सुषमाताई एकट्याच होत्या. त्यांनी पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आधी नव्हतं,” त्या हळू म्हणाल्या. “शपथेवर सांगते, नव्हतं. आता आहे. हे बघा.”

मारुतरावांनी वाकून बघितलं. बोटाखाली आमराईचं वर्णन होतं.

“हे? ही तर कैऱ्यांची गोष्ट.”

सुषमाताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस आपली थट्टा तरी करतोय नाहीतर काहीतरी लपवतोय. पुस्तक त्यांनी ओढून घेतलं. “तुम्हाला वाचनालय बंद पाडायचंय ना? पाडा. पण पोरांच्या पुस्तकांशी खेळू नका.”

त्यानंतर पाळी आली मोटारींच्या पुस्तकाची. ते संपतनं नेलं होतं. संपत शिक्रापूरच्या चौकात गॅरेज चालवायचा आणि मारुतरावांना मानायचा. त्या दिवशी मात्र तो त्यांच्याकडे न बघता बोलला.

“पुस्तक भिकार हाय. मारुतरावांसारखीच करडी मोटार हाय त्यात, येक नंबर फोटू. पर मागच्या सीटवर पोरगी कशाला बसवली? काचंला तळवा लावून. मोटार बघायची का तिचं त्वांड बघायचं?”

ते पान मारुतरावांना पाठ होतं. त्या फोटोत मोटार रिकामी होती. पुस्तक सतरंजीवरून हातोहात फिरलं. ज्याच्या हाती जाई तो बघून मान हलवी आणि पुढं देई. मारुतरावांच्या हाती आलं तेव्हा मागची काच स्वच्छ होती. काचेत आभाळ होतं.

घरी जाऊन त्यांनी शेड उघडलं. स्वतःच्याच मोटारीची भीती वाटते याची त्यांना लाज वाटली. मागची सीट त्यांनी उचलली. तिच्याखालचा पत्रा त्यांनीच घासून रंगवला होता, तिथं खिळासुद्धा राहिला असता तर दिसला असता. कोपऱ्यात स्प्रिंगला अडकून रिबिनीचा तुकडा लोंबत होता. धूळ बसलेली, पण हिरवी.

रुपालीच्या शाळेत लाल रिबिनी लागत. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी. हिरवी कधी घरात आलीच नव्हती. त्यांनी ती शेडच्या कोनाड्यात कोंबली, वरून ऑइलचा डबा ठेवला आणि अनिताला काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी रुपाली दिसेना. हाका मारून झाल्या. शेवटी शेडमध्ये सापडली, मोटारीच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. लहानपणापासून तिची वाचायची जागा तीच, एक दार सताड उघडं ठेवून. आज दोन्ही दारं लावलेली होती. मांडीवर सायकलवालं पुस्तक होतं.

त्यांनी दार खेचून उघडलं. “कुणी दिलं तुला हे?”

“माझा नंबर होता, आप्पा. सुषमाताई द्यायला तयार नव्हत्या, मी हट्ट केला.”

“बाहेर ये आधी. दार का लावलं? आतून उघडत नाही, ठाऊक आहे ना?”

“तिलाही उघडता येत नाही,” रुपाली म्हणाली. “सारखी काच वाजवते, आप्पा. सगळे वाचतात आणि लेखकाला शिव्या देतात. तिला कुणी बाहेर काढत नाही.”

मारुतरावांनी हात आत घातला. त्यांनी पोरीला दंडाला धरून घरात आणलं. पुस्तक घेऊन माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत तिच्या मांडीवर होतं. रागावून झालं, चुचकारून झालं. ती जेवायची, शाळेत जायची, पण कान सतत शेडकडे.

पुढच्या बाजारी ते नंबर नसताना उभे राहिले.

“ऐका. मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. मोटार, पोरगी, हँडल, सगळं मी रचलं. सुषमाताईंवर राग होता म्हणून. असं काही त्या पुस्तकात नाही. माझी पोरगी ते वाचून खुळावलीय. मी खोटं बोललो.”

बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालू होता.

झुंबरबाईंनी चष्मा काढला. “मंग आमी वाचलं ती काय व्हतं?”

“मला ठाऊक नाही.”

“मोटार तुमची,” संपत म्हणाला. “दार तुमचं. हँडल न्हाई ती तुमच्याच दाराला. मी ऱ्हातोय गॅरेजमदी, मला दिसतंय. येवढी मोटार सजवली, मारुतराव, आन् हँडल का न्हाई बशिवलं?”

“राहून गेलं.”

“ऱ्हाऊन गेलं म्हनं,” कुणीतरी मागून म्हणालं. सतरंजीवरची सगळी तोंडं त्यांच्याकडे वळलेली होती. आजवर लेखकांसाठी राखून ठेवलेली नजर आज त्यांच्यावर होती. सुषमाताईंनीसुद्धा त्यांची बाजू घेतली नाही.

मारुतरावांना उपाय दिसला तो एवढाच. पोरगी म्हणते तिला बाहेर काढा, तर काढू. दार उघडू. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मोटार घेऊन दौंडला गेले.

भंगाराच्या ढिगात आण्णा बाजेवर बसले होते. मोटार बघताच उठून उभे राहिले, पण जवळ आले नाहीत.

“हँडलं हायेत का विचारताय? हायेत. मालकानं येगळी बांधून दिलती. बसवू नका म्हनला व्हता.”

“का?”

“त्यानं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई.” आण्णांनी पत्र्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेली पुडी काढली आणि हातात न देता जमिनीवर ठेवली. “पैसं नकोत. मागं कुनाला बसवता का?”

“माझ्या मुलीला.”

आण्णांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळपर्यंत मारुतरावांनी लांबी खरवडून भोकं मोकळी केली आणि दोन्ही हँडलं बसवली. चपखल बसली. त्यांनी स्वतः आत बसून दार चार वेळा उघडलं, लावलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

रुपाली शेडच्या दारात उभी होती. “मी बघू, आप्पा?”

ती आत बसली. दार लावून घेतलं.

“आता उघड,” ते बाहेरून म्हणाले.

आत काही हललं नाही. काचेत शेडचा दिवा चमकत होता, पलीकडचं दिसत नव्हतं.

“रुपाली? उघड की.”

मग हँडल वळल्याचा आवाज झाला. दार उघडलं आणि ती खाली उतरली. त्यांच्याकडे बघून शहाण्यासारखी हसली आणि घरात गेली.

तेव्हापासून ती छान वागू लागली. शेडकडे फिरकली नाही. कान देऊन बसणं थांबलं. अनिता म्हणाली, पोरगी अबोल झालीय, पण वाढत्या वयाच्या मुली होतात अशा. मारुतरावांनी तेच धरून ठेवलं.

बाजाराचा दिवस आला. रुपालीला अभिप्राय द्यायचा होता, म्हणून ते तिला मोटारीनंच घेऊन गेले. वाटेत आरशात त्यांना दिसलं, तिच्या एका वेणीला हिरवी रिबीन होती, दुसरी वेणी तशीच. कोनाड्यात हात घातलेला दिसतोय, घरी गेल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं.

रुपाली उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

“पुस्तक चांगलं आहे,” ती म्हणाली.

त्या सतरंजीवर असं कधीच कुणी म्हटलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“शेवटी ती उतरते. मला आवडलं.”

झुंबरबाईंनी हात पुढं केला. पुस्तक घेऊन तिथंच मागची पानं उघडली, भिंग लावलं.

“उतरती कुटं?” बाई करवादली. “आतच तर हाय. आन् ह्या लेखकाला काय ध्यानात ऱ्हात न्हाई बघा. हितं दोन्ही रिबिनी लाल केल्यात.” तिनं पान उलटलं. “काच वाजवून वाजवून आप्पा, आप्पा म्हनून वरडतीय. आधी कवा हाक मारली व्हती का तिनं?”

सालटी काढायला लोकांना निमित्त मिळालं. सगळे एकदम बोलू लागले.

मारुतरावांनी झुंबरबाईंच्या हातातलं पुस्तक हिसकावलं. पान त्यांच्यासमोर होतं.

आमराई होती. कैऱ्या होत्या.

ते बाहेर आले. मोटार लिंबाखाली उभी होती, मागची काच रिकामी. त्यांनी काचेला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

पाठोपाठ ती आली. तिनं मागचं दार आपल्या हातानं उघडलं, आत बसली, दार ओढून घेतलं. नव्या हँडलवर हात ठेवून ती नीट सावरून बसली आणि अदबीनं म्हणाली,

“काका, मला घरी सोडता?”