पाच काळे उंदीर

“डॉक्टरीणबाई, काळे उंदीर मेले. पाचच्या पाच.”

फोनवर रोहिणीचा आवाज कापत होता. केज गावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या अकबरी शेख तशाच निघाल्या आणि अर्ध्या तासात गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

रोहिणी तिथली संशोधक. सोमवारी तिने दहा पांढऱ्या आणि पाच काळ्या उंदरांना उंदरांचाच एक विषाणू टोचला होता. पांढरे मरणार हे ठरलेलंच. रोगाशी लढणाऱ्या मारक पेशी दोघांच्याही अंगात असतात, पण या विषाणूची खूण फक्त काळ्यांच्या पेशी ओळखतात आणि रोग लागलेली पेशी पहिल्या दिवसांतच संपवतात. या विषाणूने इथे एकही काळा आजवर मेला नव्हता.

टोचताना एक उंदीर रोहिणीला चावला होता. काल, शुक्रवारी, काळे मेलेले दिसले आणि दुपारी तिला ताप भरला. उंदरांचा हा विषाणू माणसाला बाधत नाही. पण तो बदलला असेल तर? घरी आठ महिन्यांची लेक. कालपासून तिने तिला अंगावर पाजलं नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. कालपासून उंदरांच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मेलेले उंदीर दारातूनच दाखवले ते तात्याबांनी. पिंजरे तेच सांभाळत. साठी उलटली तरी केस कोळशासारखे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

अकबरींनी आधी सहायक फराजला विचारलं, “मारक पेशी संपवायचं औषध काळ्यांना चुकून टोचलंस का?”

“न्हाई मॅडम. बाटलीचं सील बी फोडलं न्हाई.”

सील खरंच शाबूत होतं.

“तात्याबा, पांढरे किती उरले?”

“पाच. पाच गुरुवारी मेले. मी जाळले.”

“कुणी बघितलं?”

“पांढरे मरतातच की. बघायचं काय त्यात?”

अकबरींनी हातमोजे चढवले. त्यांनाही भीती वाटत होती. पिंजऱ्यात पाच काळे देह पडले होते, लाल डोळे उघडे ठेवून. त्यांनी वाकून ते डोळे निरखले. मग एक उंदीर ताटलीत घेऊन बाहेर आल्या.

“रोहिणी, काळ्या उंदराचे डोळे कसे असतात?”

“काळे,” ती म्हणाली आणि थबकली.

“याचे लाल आहेत. अन् हे बघ.” त्यांनी उंदीर उलटा केला. पोटाखाली मुळाशी केस पांढरेशुभ्र होते. “हे ते गुरुवारी ‘जाळलेले’ पांढरे. जाळले नव्हतेच. यांना कलप लावलाय.”

तात्याबांनी हात पाठीमागे घेतले. नखं काळी होती.

“काळ्यांच्या पिंजऱ्याचं झाकण उघडं राह्यलं,” ते पुटपुटले. “मांजर शिरलं, एक बी ठेवला न्हाई. नोकरी जाईल म्हनून लई भ्यालो.”

“म्हणजे काळ्यांना विषाणूनं मारलंच नाही,” अकबरी म्हणाल्या. “तो जुनाच आहे, माणसाला न बाधणारा. रोहिणी, तुझा हात सुजलाय. ताप चिघळलेल्या जखमेचा आहे, दवाखान्यात दाखव.” मग त्या तात्याबांकडे वळल्या. “ही बाई कालपासून लेकराला शिवली नाही. तुम्ही बघत होता, तरी गप बसलात?”

तात्याबांनी रोहिणीपुढे हात जोडले.

रोहिणीने सासूला फोन लावला. “तिला बाटली देऊ नका,” ती म्हणाली, “मी येतेय पाजायला.” आणि मग कुठे तिला रडू फुटलं.